ठकूचा झाडू आणि घूसबाईची कोठी

या, सरका जवळ. मांडीत बसा. आज ठकूची गोष्ट.

ठकू होती एक चिचुंद्री. एवढीशी! नाक लांब लांब. चालायची तुरु तुरु तुरु. बोलायची चिक् चिक् चिक्. आणि तिची पिल्लं? ती तर तिच्याहून एवढीशी.

ठकू घूसबाईच्या कोठीत कामाला होती. घूस म्हणजे भला मोठ्ठा उंदीर. कोठी म्हणजे धान्याचं घर. ठकू कोठी झाडायची. खस् खस् खस्. संध्याकाळी तिला मिळायची ओंजळभर ज्वारी. ती दळायची, भाकरी थापायची, पिल्लांना भरवायची. उरली तर ठकू खायची. नाही उरली, तर पाणी प्यायची.

एके दिवशी काय झालं? झाडता झाडता झाडू मोडला. कट्!

"घूसबाई, घूसबाई, झाडू मोडला. नवा द्या ना."

"तुझा झाडू तूच आण. झाडू नाही तर काम नाही. काम नाही तर ज्वारी नाही."

"पण बाई, अर्धी कोठी झाडून झालीय. तेवढी तरी ज्वारी द्या."

"अर्ध्याबिर्ध्याचं काही मिळत नाही. उद्या ये!"

आणि दार लावलं. धाड्!

ठकूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रडत बसून कसं चालेल? घरी पिल्लं वाट बघत होती. ठकू निघाली, तुरु तुरु तुरु.

बाभळीवर होती सुगरण. चोचीनं टाके घालत होती.

"सुगरणताई, सुगरणताई, झाडू बांध.
झाडू नाही, म्हणून काम नाही.
काम नाही, म्हणून ज्वारी नाही.
ज्वारी नाही, म्हणून पिल्लं उपाशी!"

सुगरण म्हणाली, "बांधला असता गं. पण शिंदीची पानं कुठायत? खारीला सांग. तिनं पानं तोडली, तर मी झाडू बांधीन."

ठकू निघाली, तुरु तुरु तुरु.

शिंदीखाली होती खार. हातात विळा, आणि तोंड हिरमुसलेलं.

"खारुताई, खारुताई, पानं तोड.
पानं नाहीत, म्हणून झाडू नाही.
झाडू नाही, म्हणून काम नाही.
काम नाही, म्हणून ज्वारी नाही.
ज्वारी नाही, म्हणून पिल्लं उपाशी!"

खार म्हणाली, "तोडली असती गं. पण विळा बघ कसा बोथट झालाय! साळिंदरआजोबांना सांग. त्यांनी धार लावली, तर मी पानं तोडीन."

ठकू निघाली, तुरु तुरु तुरु.

टेकडीपाशी होते साळिंदरआजोबा. अंगावर काटेच काटे. हलले की वाजायचे, खुळ् खुळ् खुळ्.

"आजोबा, आजोबा, धार लावा.
धार नाही, म्हणून पानं नाहीत.
पानं नाहीत, म्हणून झाडू नाही.
झाडू नाही, म्हणून काम नाही.
काम नाही, म्हणून ज्वारी नाही.
ज्वारी नाही, म्हणून पिल्लं उपाशी!"

आजोबा म्हणाले, "लावली असती गं पोरी. पण धारेचा दगड कोरडा ठाक. बादलीभर पाणी लागतं, आणि ओढा किती लांब! गाढवाला सांग. त्यानं पाणी आणलं, तर मी धार लावीन."

ठकू निघाली, तुरु तुरु तुरु. पाय दुखले. तरी निघाली.

चिंचेखाली होतं गाढव. बसलेलं. मान खाली, कान खाली.

"गाढवदादा, गाढवदादा, पाणी आण.
पाणी नाही, म्हणून धार नाही.
धार नाही, म्हणून पानं नाहीत.
पानं नाहीत, म्हणून झाडू नाही.
झाडू नाही, म्हणून काम नाही.
काम नाही, म्हणून ज्वारी नाही.
ज्वारी नाही, म्हणून पिल्लं उपाशी!"

गाढव म्हणालं, "आणलं असतं गं. पण पोटात काही नाही. पाय उचलत नाहीत. कोंडा मिळाला, तर मी पाणी आणीन."

"कोंडा कुणाकडे आहे, दादा?"

"घूसबाईकडे. काल दिवसभर तिची पोती वाहिली. संध्याकाळी कोंडा मागितला. म्हणाली, उद्या ये!"

ठकू थांबली. नाक वर केलं. मिशा हलवल्या.

"अगंबाई! मलाही तेच म्हणाली. ऊठ दादा. हळूहळू चल, पण चल. आपण दोघं जाऊ."

गाढव उठलं. टपक्... टपक्...

वाटेत आजोबा भेटले. "कुठं निघालात?"

"घूसबाईकडे. आपलं मागायला."

"मग मीही येतो. मी तिच्या कात्र्यांना धार लावली. म्हणाली, उद्या ये!" खुळ् खुळ् खुळ्.

वाटेत खार भेटली. "मीही येते. मी तिचं छप्पर शाकारलं. म्हणाली, उद्या ये!" सुर्र सुर्र सुर्र.

वाटेत सुगरण भेटली. "मीही येते. मी तिची पोती शिवली. म्हणाली, उद्या ये!" फुर्र फुर्र फुर्र.

सगळे कोठीपाशी आले. सगळ्यांत पुढे कोण? एवढीशी ठकू! तिनं दार वाजवलं. टक् टक् टक्.

"घूसबाई, घूसबाई, कोंडा द्या.
कोंडा नाही, म्हणून पाणी नाही.
पाणी नाही, म्हणून धार नाही.
धार नाही, म्हणून पानं नाहीत.
पानं नाहीत, म्हणून झाडू नाही.
झाडू नाही, म्हणून काम नाही.
काम नाही, म्हणून ज्वारी नाही.
ज्वारी नाही, म्हणून पिल्लं उपाशी!"

घूसबाई आतून ओरडली, "उद्या या!"

ठकू म्हणाली, "बरं. मग आम्ही इथंच बसतो."

आणि बसले सगळे दारात. कुणी काम करेना.

आत एक पोतं उसवलं. फस्स! ज्वारी सांडली.
"सुगरणे, पोतं शीव!" सुगरण जागची हलली नाही.

वारा आला. छप्पर उडालं. भुर्र!
"खारे, छप्पर शाकार!" खार जागची हलली नाही.

धूळ उडाली. घूसबाईच्या नाकात गेली. आ... आ... आक्छी!
"ठके, कोठी झाड!" ठकू जागची हलली नाही.

मग घूसबाई स्वतःच पोतं उचलायला गेली. ऊंऽह! ऊंऽह! धप्प! पोतं पडलं तिच्याच शेपटीवर.

"आई आई गं! माझी शेपटी! गाढवा, पोतं उचल!"

गाढवानं कान टवकारले. म्हणालं, "उद्या ये!"

सगळे खो खो हसले. आजोबांचे काटे वाजले, खुळ् खुळ् खुळ्.

घूसबाई रडकुंडीला आली. "काय हवं ते सांगा रे बाबांनो!"

ठकू पुढे झाली. चिक् चिक् चिक्. "गाढवदादाचा कोंडा द्या. ह्या सगळ्यांचं जे राहिलंय, ते द्या. माझ्या अर्ध्या कामाची ज्वारी द्या. आणि आजपासून ज्या दिवसाचं काम, त्याच दिवशी दाणे. उद्या नाही!"

"देते गं," घूसबाई पुटपुटली.

"ऐकू नाही आलं!"

"देते! देते! देते!"

मग सगळ्यांनी मिळून पोतं उचललं. शेपटी सुटली. घूसबाईनं मुकाट्यानं ज्याचं त्याचं राहिलेलं दिलं, आणि कोंड्याचं टोपलं पुढे केलं.

गाढवानं कोंडा खाल्ला, आणि पाणी आणलं. डुबुक डुबुक डुबुक.
पाणी आलं, म्हणून धार लागली. खर्र खर्र खर्र.
धार लागली, म्हणून पानं तुटली. सप् सप् सप्.
पानं तुटली, म्हणून झाडू झाला. चांगला जाड जाड!
झाडू झाला, म्हणून काम झालं. खस् खस् खस्.
काम झालं, म्हणून ज्वारी मिळाली.
ज्वारी मिळाली, म्हणून...

म्हणून काय?

ठकूनं भाकऱ्या थापल्या. थप् थप् थप्! एक पिल्लाला, एक दुसऱ्या पिल्लाला, एक सगळ्यांत धाकट्याला. धाकट्यानं आणखी मागितली. आणि आणखी होती! मग ठकूनं स्वतःला वाढून घेतली. गरम गरम, अख्खी, पापुद्रा सुटलेली. ती बसून, सावकाश, मिटक्या मारत खाल्ली.

चूल विझली, पिल्लं निजली,
गोष्टही आपली कुशीवर वळली.