झेंडे लागलेले काटे

“काटा रोवताना वर बघायचं नाही. खाली जे असेल, तिथंच रोवायचा,” असं साळूची आई तिला सांगून गेली होती. साळू म्हणजे साळिंदर. जंगलाच्या दरबारात नकाशे मांडायचं काम तिच्याकडे होतं.

त्या वर्षी जंगलात रक्तताप आला. नाकातून रक्त यायचं आणि माकडं पिकल्या फणसासारखी धपाधप खाली पडायची. साळूने नदीकाठच्या वाळूत अख्खं जंगल आखलं आणि जिथे माकड पडलं तिथे अंगावरचा एक काटा काढून रोवला. मग लांब उभं राहून पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं. काट्यांची रांग गवामहाराजांच्या जनसंवाद दौऱ्याच्या वाटेनेच चालली होती. महाराज जात, त्यांच्या कानांतले गोचीड गावोगावी उतरत आणि मागोमाग ताप सुरू होई. या गोचिडांना जंगलात सल्लागार म्हणत.

दौऱ्याचा पुढचा मुक्काम होता बोरखिंड. तिथे साळूची धाकटी बहीण येसू नुकतीच बाळंत झाली होती. “ताप इकडं वळला तर मी आधी येईन, पिल्लं हलवू,” असा शब्द साळूने तिला दिला होता.

महाराज नदीकाठी आले, तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली. “महाराज, दौरा थांबवा. निदान कान तरी साफ करून घ्या.”

“ऐकलंत? हिला सल्लागारच नकोत!” महाराजांच्या डाव्या कानातून आवाज आला. “उद्या म्हणेल, लोकशाही नको!”

महाराज नकाशावर वाकले. “ही तर आमची वाट! आम्ही जाऊ तिथं काटा?”

“काटे कसले, महाराज?” तरस प्रधान हसला. “काठ्या आहेत त्या. झेंडे तेवढे लावायचे राहिलेत.”

संध्याकाळपर्यंत झेंडे लागले. जिथे माकडं जास्त मेली, तिथे झेंडे दाट झाले. दवंडी पिटली गेली की, माकडं झाडावरून उतरून महाराजांच्या पायाशी लोळण घेत आहेत. साळूला शाल आणि श्रीफळ मिळालं.

“साळूताई,” प्रधान कानाशी येऊन म्हणाला, “बोरखिंडीत मात्र झेंडे भरगच्च दिसले पाहिजेत हं.”

साळूने नमस्कार केला, शाल घडी करून तिथेच ठेवली आणि बोरखिंडीची वाट धरली.

नाक्यावरच्या मुंगसाने हटकलं. “ताई, सभा उद्या आहे. आज कुठं?”

“बहिणीकडे. सभेआधी गाव रिकामं करायचंय.”

“करा की खुशाल,” मुंगूस बाजूला होत म्हणालं. “गर्दी आम्ही बाहेरूनच आणतो.”