जास्वंदीचा पाहुणा

परसांना कुंपणं नव्हती तेव्हाची गोष्ट. एक जास्वंद होती, भारी टापटिपीची. पानाला जाळं चिकटलं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, म्हणून कोळ्यांना तिच्याकडे थाराच नव्हता.

एकदा हिरवा-तांबडा, चिमुकला पाहुणा आला. टुणकन उडी मारून त्याने कळी कुरतडणारी अळी मटकावली.

"गुणाचा गं बाई!" जास्वंद हरखली. "त्या मेल्या कोळ्यांनी तुझ्याकडून काही शिकावं!"

पाहुण्याने टपोऱ्या डोळ्यांनी वर पाहिलं. "मावशी, मीही कोळीच. पाय मोजा माझे. फक्त मी जाळं विणत नाही, उडी मारून शिकार करतो."

जास्वंदीने पाय मोजले. पुन्हा मोजले. आठच भरले.

मग हळूच म्हणाली, "बरं, जाऊ नकोस. मागच्या फांदीवर अजून दोन अळ्या आहेत."