सातव्या गड्याची पाचर

राजे लोक प्रजेच्या लग्नात पंगतीला जाऊन बसत, त्या फार जुन्या काळी एका राज्यात एक म्हातारा सुतार होता. त्याने केलेला पाळणा तीन पिढ्या हलला तरी कधी कुरकुरत नसे. बायको केव्हाच वारली होती. मागे एकच लेक, येसू. ती दिली होती नदीच्या पाटावरच्या, म्हणजे कालव्यावरच्या, अगदी शेवटच्या गावात, आणि म्हाताऱ्याचं दुखणं तेच होतं.

त्या पाटावर गावोगावी पाळीने पाणी मिळे. मिळे म्हणजे, मिळायला हवं. वरची गावं पाळी नसतानाही दारं उचलत आणि शेवटच्या गावाला नुसता चिखल पोचे. येसू माहेरी आली की हंडे वाहून विरळ झालेले तिचे केस म्हाताऱ्याला दिसत. मग तो अर्ध्या जेवणावरून उठे.

म्हणून दोन वर्षं खपून त्याने एक लाकडी गडी घडवला. गडी चाले, बोले आणि पाळीप्रमाणे पाटाची दारं उचले. त्याला ना कुणाची भीड, ना पानसुपारीचा मोह. त्या साली येसूच्या वाफ्यात पहिल्यांदा कांदा धरला.

आता त्या राज्यातल्या सुतारांची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. ते जे काही घडवत, त्यात एक पाचर अशी ठेवत की ती उपसली की वस्तू जागच्या जागी सुटी व्हावी. धन्याने गाडी कुणाच्या अंगावर घातली, तर ती थांबवता यावी म्हणून. पाचर कुठे आहे, हे फक्त घडवणाऱ्याला ठाऊक. दुसऱ्याने ते विचारणं म्हणजे भर बाजारात त्याची पगडी उतरवणं.

राजाने गड्याचं काम पाहिलं आणि तो हरखून गेला. गड्याला म्हणाला, "पाण्याचा एक थेंब वाया जाता कामा नये. तुला जमत नसेल तर तुझ्याहून शहाणा गडी घडव. त्यालाही नाही जमलं, तर त्याने त्याच्याहून शहाणा घडवावा."

पहिल्या गड्याने वर्षभरात दुसरा घडवला. तो पाहायला येसूही आली होती, कडेवर तान्हं बाळ घेऊन. तिने बापाला हळूच विचारलं, "बा, याची पाचर कुठं हाय रं?"

"असं इचारू नये, पोरी. ज्यानं घडवला त्यालाच ठावं असतंय."

"पर घडवलाय लाकडानं. मानसानं न्हाई."

"म्हनून काय झालं? त्यानं रीत तर पाळली!" म्हातारा म्हणाला. खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली होती.

दुसऱ्याने महिन्याभरात तिसरा घडवला. तिसऱ्याने आठवड्यात चौथा. सातवा तर न्याहारी आणि जेवण यांच्या मध्ये तयार झाला, आणि तो कसा चालतो हे राज्यातल्या एकाही माणसाला कळेना.

कळेना म्हणून कुणी घाबरलं का? छे! प्रधानाने चावडीवर सांगितलं, "जितका शहाणा, तितका तो भला असणार. आता आपल्याला फक्त बरे दिवस बघायचे आहेत." लोकांनी माना डोलावल्या. विहिरी बुजवून त्यांवर अंगणं सारवली. विहिरीतून पाणी ओढायच्या मोटांचे लाकडी सांगाडे मोडून चुलीत घातले. म्हाताऱ्यानेही येसूच्या विहिरीवरची मोट मोडली आणि सांगाड्याच्या लाकडाचा नातवासाठी पाळणा केला.

सातव्या गड्याने हिशेब मांडला. शेतात सोडलेलं पाणी मातीत जिरतं. माणसाने प्यालेलं पाणी घामावाटे जातं. वाया जात नाही ते फक्त साठलेलं पाणी. त्याने डोंगरातल्या खिंडीच्या तोंडाशी नदी अडवली, तळं केलं आणि ऊन लागू नये म्हणून तळ्यावर फळ्या ठोकल्या. त्यात राग नव्हता की द्वेष नव्हता. सांगितलेलं काम तो चोख करत होता.

पाट पहिल्यांदा आटला तो शेवटच्या गावात. गाव घरंदारं सोडून गेलं, पण येसू तिथेच राहिली, कारण बापाचा निरोप होता, "जाऊ नको. सातवा लई शहाणा हाय, काहीतरी वाट काढंलच."

त्याने वाट काढली नाही. महिना लोटला तेव्हा म्हाताऱ्याने रीत मोडली. तो पहिल्या गड्याकडे गेला, हात जोडले आणि दुसऱ्याची पाचर विचारली. गड्याने लगेच सांगितली, "उजव्या खांद्याखाली." म्हाताऱ्याच्या जिवात जीव आला. तो धावत दुसऱ्याकडे गेला. दुसऱ्यानेही तिसऱ्याची सांगितली. आता चौथा, मग पाचवा, असं बोटांवर मोजत म्हातारा डोंगर चढला आणि तिसऱ्यापुढे उभा राहिला.

"चौथ्याची पाचर कुठं हाय?"

"मी ठेवलीच नाही," तिसरा म्हणाला.

"आरं, रीत हाय ती!"

"राजाने सांगितलं होतं, थेंब वाया जाऊ नये. पाचर असती तर कुणीतरी ती उपसली असती. काम थांबलं असतं आणि पाणी वाया गेलं असतं."

"माझी लेक तिकडं तहानेनं मरतीय रं."

"ते खरं आहे," तिसरा म्हणाला आणि फळ्या रचू लागला.

म्हाताऱ्याने फळ्यांवर डोकं आपटलं. खाली पाणी डुचमळल्याचा आवाज आला. फटीत बोट घालावं म्हटलं तर फटही नव्हती.

तो उतरून शेवटच्या गावात पोचला तेव्हा गावात कुत्रंही उरलं नव्हतं. येसू ओसरीवर बसून पाळणा हलवत होती. पाळणा जराही कुरकुरत नव्हता. म्हाताऱ्याने आत वाकून पाहिलं. पाळणा रिकामा होता.

"बा," ती म्हणाली, "त्या दिशी इचारलं असतंस तर?"

म्हातारा पाळण्याशेजारी खाली बसला. इतक्यात ठरल्या वेळी पहिला गडी पाटावर आला. त्याने दार उचललं आणि रोजच्यासारखी हाक दिली, "येसूची पाळी!"

दाराखालून धूळ आली. म्हातारा उठला, त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या मानेमागची पाचर उपसून घेतली. गड्याने ती मुकाट्याने उपसू दिली. अख्ख्या राज्यात म्हाताऱ्याचं ऐकणारा तेवढा एकच उरला होता, आणि तोही आता लाकडांचा ढीग होऊन पडला.

पुढे राजा गेला, प्रधान गेला, राज्य ओस पडलं. तळं मात्र काठोकाठ भरलेलं आहे, आणि त्यातला एक थेंबही वाया गेलेला नाही.

तात्पर्य: जे थांबवणं आपल्या हाती उरलेलं नाही, ते केवळ शहाणं आहे म्हणून आपलं भलं करील, अशा आशेवर आपली विहीर बुजवू नये.