उण्या वाट्याचा मान

ही कथा रविवार, १७ फेब्रुवारी २०१९ रोजी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऐकली. एका जुन्या बारवेची चुन्याने डागडुजी चालू होती. तेथील गवंडी नागोराव खिल्लारे यांनी ती सांगितली. त्यांना ती त्यांच्या सासऱ्यांकडून मिळाली होती. सासऱ्यांना कोणाकडून मिळाली, हे त्यांना ठाऊक नव्हते. गावाचे आणि राजाचे नाव त्यांनी सांगितले नाही, म्हणून येथेही ते दिलेले नाही.

एका गावात चुन्याच्या नऊ भट्ट्या होत्या आणि नऊही मल्लाप्पाशेटच्या होत्या. गावातले एकूण एक घर त्यांवर राबत असे. कोणी चुनखडी फोडी, कोणी लाकूड वाही. भट्टी रचण्यात मात्र सटवाजीचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. एक थर लाकडाचा, एक थर दगडाचा, असे करत तो भट्टी भरी, पेटवी, आणि नुसत्या ज्वाळेच्या रंगावरून आतला दगड भाजला की कच्चा राहिला ते सांगे.

धूर मात्र उदंड होता. लाकूड ओले आणि दगड नारळाएवढे. ते गाभ्यापर्यंत भाजायला सात-सात दिवस लागत. दोरीवरचे धुणे काळे होई, पानमळ्यातली पाने काळवंडत आणि माणसे खोकत खोकत म्हातारी होत. सटवाजीने एकदा शेटला सांगून पाहिले होते.

“शेट, लाकूड उन्हाळाभर वाळू द्या आणि दगड मुठीएवढा फोडून घ्या. निम्म्या लाकडात भट्टी उतरेल.”

शेट हसला. “सटवाजी, रान फुकटचं आहे. दगड फोडायची मजुरी मात्र माझ्या कनवटीची जाते.”

बोलणे तेथेच संपले.

पुढे धुराची गाऱ्हाणी राजाच्या कानावर गेली आणि राजाने धूरपट्टी बसवली. धूर मोजण्यासाठी आधी एक कारकून टेकडीवर बसवला होता. पण शेट धुक्याचे दिवस पाहून भट्ट्या पेटवू लागला. तेव्हा राजाने रीत बदलली. वेशीतून लाकडाच्या जितक्या गाड्या आत येतील, तितकी पट्टी. त्याबरोबर दुसरी आज्ञा अशी होती की, या पट्टीतला एक कणही खजिन्यात येऊ नये. तिचे धान्य घ्यावे आणि दर पौर्णिमेला भट्टीवर राबणाऱ्या घरांत, लहानथोर न पाहता, माणशी सारखे वाटावे. आज्ञापत्रात लिहिले होते, “धूर ज्यांच्या छातीत जातो, धुराचे मोल त्यांच्याच घरात जावे.”

शेट भट्टीवर येऊन म्हणाला, “बघा, राजानं तुमच्या ताटात हात घातला. पट्टी माझ्यावर बसली, तरी झळ तुम्हालाच लागणार.”

काही दिवस लोकांना ते खरे वाटले. चुना महागला, त्यापाठोपाठ आणखी चार वस्तू महागल्या. पण पौर्णिमा आली आणि माणशी एक पायली ज्वारी घरात पडली. महागाईत जे गेले होते, त्याहून ते पुष्कळ अधिक होते. मग कोणी शेटचे ऐकेना.

दुसऱ्या वर्षी शेट पट्टीने टेकीला आला आणि स्वतः चालत सटवाजीच्या दारी गेला. “मागं तू काहीतरी म्हणाला होतास. वाळलं लाकूड, मुठीएवढा दगड. ते करून दाखव. एक दुभती म्हैस तुझ्या गोठ्यात बांधतो.”

“उद्या सांगतो,” सटवाजी म्हणाला.

ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पारावर पोचली. दगड फोडणाऱ्या बायकांत यमाक्का सर्वांत वडील होती. तिने सटवाजीला समोर बसवले.

“लाकूड निम्मं झालं की पट्टी निम्मी. पट्टी निम्मी झाली की ज्वारी निम्मी. एवढा हिशेब मलाही येतो, बाबा. म्हणजे तुला म्हैस आणि आम्हाला ताक.”

लोक हसले, पण ते हसू टोचणारे होते. मागून कोणी म्हणाले, “गप राहायला काही पैसे पडतात का?”

सटवाजीच्या घरी खाणारी पाच तोंडे होती. पाच पायल्या त्याच्याही घरी येत. आपण गप राहिलो तर ही युक्ती कोणालाच कळणार नाही, हेही त्याला ठाऊक होते. त्याने उलट विचारले,

“यमाक्का, राजा ज्वारी कशाबद्दल देतो?”

“धुराबद्दल.”

“म्हणजे ते मलम झालं. जखम भरायला लागली तर मलम कमी मिळेल म्हणून ती खाजवत बसायचं का? आणि भट्टी हे माझं काम आहे. ती माझ्या डोळ्यांदेखत नासू द्यायची आणि त्याबद्दलची ज्वारी खायची, हे मला जमायचं नाही.”

“तुझं खरं आहे,” यमाक्का म्हणाली. “पण पोटाला खरं-खोटं कळत नाही.”

 सटवाजी उठून घरी गेला. यमाक्काचे बोलणे त्याला खोटे पाडता येईना, आणि ते खोटे पाडायचा प्रयत्न त्याने केलाही नाही.

सकाळी तो शेटच्या ओट्यावर गेला. “म्हैस नको. मुठीएवढा दगड फोडायला चाळीस हात जास्त लागतील. ते आपल्याच गावचे घ्या आणि मजुरी पुरी द्या. पट्टीत वाचेल त्यातून ती निघेल, वर तुम्हालाही उरेल.”

“आणि नाही दिली तर?”

“तर ओलं लाकूड आहेच की, शेट. वेशीत पट्टी भरत बसायचं.”

शेटने बोटांवर हिशेब केला. मग पुन्हा केला. दोन्ही वेळा सटवाजीचेच म्हणणे बरोबर निघाले.

उन्हाळा सरला. भट्ट्या सातऐवजी चार दिवसांत उतरू लागल्या. चुना असा निघाला की, गवंडी लांबून त्याच्यासाठी येऊ लागले. धूर इतका विरळ झाला की, पलीकडची डोंगररांग गावाला दिसू लागली. ती तेथे आहे हे पोरांना प्रथमच कळले. आणि पौर्णिमेला माणशी पायलीऐवजी अधोली आली, म्हणजे बरोबर निम्मी.

राजाच्या कारभाऱ्याला संशय आला. शेट चोरवाटेने लाकूड आणत असावा, असे त्याला वाटले. त्याने वेशी तपासल्या, लाकडाचे ढीग मोजले, भट्ट्यांत वाकून पाहिले. चोरी कोठेच नव्हती. लाकूड खरोखरच निम्मे लागत होते. त्याने तसे कळवले आणि पुढच्या पौर्णिमेला राजा स्वतः आला.

राजा म्हणाला, “या गावाने धूर कमी केला, आणि त्याचाच वाटा कमी व्हावा, हे मला बरे दिसत नाही. उरलेली अधोली माझ्या कोठारातून घाला. पायली पुरी करा.”

लोकांत आनंदाची कुजबुज झाली. राजाला नको म्हणावे, असे सटवाजीच्या मनात आले; पण आपण बोललो तर गावाच्या तोंडचा घास काढला असे होईल, हे त्याला दिसत होते. तेवढ्यात यमाक्का पुढे झाली.

“महाराज, अधोली आमची आहे. तिच्यावर जे पडेल ते तुमचं. आमचं तेवढं मापा.”

“बाई, कमी पडेल.”

“कमी पडलं तर चार दगड जास्त फोडू. मजुरी मिळते आहे. आजवर वाटा घेतला, तो हक्कानं घेतला. आता दान घेतलं तर हक्क कोणता आणि दान कोणतं, हे उद्या तुम्हालाही आठवायचं नाही.”

रांगेतली माणसे हळूहळू ताठ उभी राहू लागली, हे सटवाजीने पाहिले. आयुष्यभर त्याने भट्ट्या रचल्या होत्या. एवढी नीट रचलेली गोष्ट त्याने पूर्वी पाहिली नव्हती. राजाने कारभाऱ्याच्या हातून माप घेतले आणि अखेरच्या घरापर्यंत स्वतःच्या हाताने अधोलीच मापली.

शेजारच्या गावीही भट्ट्या होत्या; तिथे ओलेच लाकूड जळे, म्हणून अजून पायली मिळत असे. बाजारात तिथल्या बायका खिजवत, “तुम्हाला अधोलीच ना, गं?” यमाक्का म्हणे, “अधोलीच. आणि आमचा डोंगर बघितलास का?”

पुढे हा वाटा घटत घटत मूठभर ज्वारीवर आला आणि त्या पौर्णिमेला गावाने ढोल लावून कारभाऱ्याला वेशीतून आणले, असेही नागोरावांनी सांगितले. एवढ्या भागाची खात्री मात्र अखेरपर्यंत करता आली नाही. त्याच कामावरील दुसऱ्या दोन गवंड्यांना ही कथा अधोलीपर्यंतच माहीत होती. शिवाय जळणावाचून चुना भाजत नाही. तेव्हा वाटा इतका खाली येणे कितपत शक्य होते, हे निश्चित सांगता येत नाही.

तात्पर्य: जो हानी करतो त्याच्याकडून तिचे मोल घ्यावे आणि जे ती सोसतात त्यांना ते सारखे वाटून द्यावे, पण हानी घटल्यामुळे वाटा घटला, तर तो उणा वाटा ताठ मानेने घ्यावा.