तांबळवाडीच्या सड्यावरची माती

डोंगरमाथ्यावरचा हा सपाट सडा असा उघडाबोडका का, म्हणून पाहुणे विचारतात. वर नुसता काळा कातळ, खाली दरीत लाल मातीचे ढीग. बाजारातले गाडीवाले सांगतात, एका बाईचा शाप आहे. साफ खोटं! मी इथला गुरव, आजोबांकडून ऐकलेलं सांगतो.

पूर्वी या सड्यावर म्हणे दिवसाही अंधार वाटावा असं रान होतं. सुभानराव देसायांनी ते जहाजांच्या लाकडासाठी तोडायला काढलं. उतारावर आवडू आणि तिचा नवरा तातू नाचणी पिकवायचे. आवडू देसायांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"देसायांनू, झाडां पावसाचो मार आपल्या अंगार घेतत. ती गेली तर माती खंय रवतली?"

देसाई हसले. "सडो माझो, झाडां माझी. वरसून पडता तो पाऊसय माझोच!"

रान गेलं. पुढच्या पावसाळ्यात ओढे लाल झाले. त्याच्या पुढच्या वर्षी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी उतार सुटला. आवडू पाण्यावर गेली होती म्हणून वाचली. तातू, घर, बैल, सगळं मातीखाली गेलं.

देसायांनी देवळात पूजा घातली आणि चारचौघांत म्हणाले, "देवाची मर्जी."

चिखलाने माखलेली आवडू तिथेच उभी होती. "देवाक कित्याक मधी घालतास? कुऱ्हाड देवान चलवल्यान?"

ती तडक दरडीकडे गेली. तातूवर पडलेली माती टोपलीत भरली आणि देसायांच्या उंबऱ्यावर ओतली. "ही तुमची माती. सडो तुमचो ना? मगे न्हेवन ठेवा वर."

तिच्यामागून वाडीतली एकेक बाई टोपली घेऊन आली. संध्याकाळपर्यंत मातीचा एवढा ढीग झाला की देसायांचं दार उघडेना, असं सांगतात. शेवटी ते मागच्या पडवीतून बाहेर आले. गड्याला हाक मारली. गडी जागचा हलला नाही. तेव्हा देसायांनी स्वतःच्या डोक्यावर टोपली घेतली. मरेपर्यंत दर पावसाळ्यात ते माती वर नेत राहिले, आणि पुढची सर ती धुऊन नेत राहिली. कातळावर माती धरणार कोण?

आवडूला पुढे लोक देवी म्हणू लागले, तेव्हा ती भडकली म्हणे. "माका देवळात बसवून तुमी मोकळे होतलास!" म्हणून तिचं देऊळ इथे कुठे दिसणार नाही. आणि शाप? ती कुणाला शिव्यासुद्धा देत नसे. रान तोडलं एकाने, आणि नाव लागलं तिला!

आजही नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वाडी सड्यावर माती नेते. पहिली टोपली देसायांच्या घरातलाच माणूस उचलतो, अनवाणी. गेल्या वर्षी त्या घरातला शहरात राहणारा मुलगा म्हणाला, गाडीतून नेतो. बायका गाडीसमोर रस्त्यावर बसल्या. त्याने बराच वेळ हॉर्न वाजवला. मग उतरला, बूट काढले आणि टोपलीखाली मान दिली.