आतून उघडलेलं कुलूप

फार जुन्या काळची गोष्ट, बाळांनो. एका नगरात धाकोजी लोहार राहायचा, त्याची बायको येसू आणि पाळण्यातली पोर गोजरा. धाकोजी कुलपं घडवायचा. देवळाचं कुलूप त्याचं, तुरुंगाचंही त्याचंच.

एका सकाळी देवळाचं कुलूप फुटलेलं, आणि देवीचा मुकुट गायब. देवळाची कोठी सांभाळणारा कोठावळा म्हणाला, "कुलपाचं वर्म घडवणाऱ्यालाच ठाऊक. दुसरा कोण असणार?" झालं. राजानं काही न विचारता धाकोजीला कोंडलं आणि फुटकं कुलूप वेशीवर टांगलं. येणारा-जाणारा त्यावर थुंकायचा. तुम्ही-मी असतो तर आपणही थुंकलो असतो.

धाकोजी पहारेकऱ्याला रोज सांगायचा, "बाबा, राजाला म्हणावं, ते कुलूप एकदा हातात घेऊन बघा."

पहारेकरी हसायचा. "बघून काय, आरती ओवाळायची त्याला?"

आठ वर्षं गेली. म्हातारा राजा वारला, लेक गादीवर आला. त्या नगराची रीत अशी, की नव्या राजानं एक कैदी आपल्या हातानं सोडायचा. चिठ्ठी धाकोजीची निघाली. पण किल्लीच सापडेना. आठ वर्षांत ते दार कुणी उघडलंच नव्हतं. भाकरीसुद्धा गजांतून सरकवायचे.

आतून आवाज आला, "महाराज, जरा बाजूला व्हा."

धाकोजीनं वहाणेचा खिळा काढला, गजांतून हात घातला, दोनदा फिरवला. कुलूप खाली पडलं.

पहारेकऱ्याच्या हातातला भाला गळून पडला. राजानं विचारलं,

"हे तुला कधीपासून येतं?"

"पहिल्या दिवसापासून. कुलूप माझंच आहे."

"मग पळाला का नाहीस?"

"पळालो असतो तर चोर ठरलो असतो, महाराज. पोरीला जन्मभर चोराची पोर म्हणाले असते. आताही मला माफी नको. वेशीवरचं कुलूप बघा, मग सांगा, जाऊ की राहू."

राजानं ते कुलूप उतरवलं. त्यावर घणाचे घाव होते. ज्याला खिळ्यानं उघडता येतं, तो घण कशाला मारील? आठ वर्षं ही साक्ष सगळ्यांच्या डोक्यावर लटकत होती.

कोठावळा तेवढ्यात गर्दीतून मागच्या मागे सटकू लागला. त्याला धरला, घराची झडती घेतली. धान्याच्या पेवात मुकुट निघाला. धाकोजीच्या कोठडीत आता कोठावळा गेला.

तुरुंगाच्या दारात येसू धाकोजीला म्हणाली, "म्हणजे दार उघडत होतं, अन् मी आठ वर्षं भिंतीबाहेर रडत बसले?"

"तुला कळलं असतं, तर एक दिवस तरी आत राहू दिलं असतंस?"

येसूला हसावं की रडावं कळेना. गोजरानं मात्र बापाचं बोट धरलं ते दिवसभर सोडलं नाही. राजानं देवळाची कोठी धाकोजीच्या हाती दिली, आणि त्या घरावर पुन्हा कधी उपासाची वेळ आली नाही.

म्हणून सांगते, कुणाला चोर म्हणण्याआधी फुटकं कुलूप हातात घेऊन बघावं.