मिठाची रास आणि जवळ आलेला चंद्र

खाडीकाठच्या एका गावात चांगो नावाचा मिठागरवाला आणि त्याची बायको पदी राहत होती. वैशाख चालू होता आणि त्यांच्या बांधाआड मिठाची मोठी रास उभी होती. वर्षाचं पोटपाणी सगळं त्या राशीवर.

पण पदीचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मागच्या पौर्णिमेला चंद्र भलताच मोठा दिसला होता आणि भरतीचं पाणी बांधाच्या काठाला येऊन टेकलं होतं. तिनं गावातल्या गुरुजींना गाठलं. चांगोही कुरकुरत मागोमाग गेला.

गुरुजी म्हणाले, "चंद्राची वाट अगदी गोल नाही. कधी तो पृथ्वीच्या जवळ असतो, कधी लांब. जवळ असताना पौर्णिमा आली की तो सुपरमून. वर्षात तीन-चारदा होतो, बहुधा लागोपाठच्या पौर्णिमांना. तेव्हा उधाणही मोठं. आणि हो, पाण्याचा खरा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो."

शेवटचं चांगोनं ऐकलंच नाही. तो चपला शोधत होता.

दोघांनी बांधावर चिखलाचा नवा थर चढवला. पौर्णिमेला भरदुपारी भरती आली, जुन्या काठापर्यंत चढली आणि मुकाट्यानं परत गेली. संध्याकाळी डोंगरावर चंद्र उगवला, हा एवढा मोठा! सगळा गाव बघायला जमला.

"अगं, वर बघ की जरा!" चांगो म्हणाला.

"मला पाण्याकडे बघू द्या," पदी म्हणाली.

सकाळी चांगोनं फावडं उचललं. मीठ न्यायला व्यापाऱ्याची गाडी येणार होती, तिला वाट हवी होती.

"अहो, बांध फोडू नका! गुरुजी काय म्हणाले? अजून दोन दिवस थांबा."

"झाली ना पौर्णिमा? तुझी घालमेल काही संपायची नाही बाई!" असं म्हणून त्यानं बांध कापलासुद्धा.

पदी रडकुंडीला आली. पण रडत बसली नाही. घमेलं भरून मीठ वरच्या टेकाडावर नेऊ लागली. चांगो हसत होता.

दुपारी पाणी आलं, ते कालच्या खुणेवर थांबलंच नाही. बघता बघता फटीतून आत घुसलं. "अगं, माती आण, माती!" चांगो ओरडत सुटला. पण कसली माती आणि कसलं काय! त्याच्या डोळ्यांदेखत रास विरघळली. उरलं ते फक्त पदीनं टेकाडावर नेलेलं मीठ. चांगो तिथंच बसून ढसाढसा रडला.

संध्याकाळी पुन्हा चंद्र वर आला. चांगो खाली मान घालून बांधाची फट बुजवत होता.

पदी हळूच म्हणाली, "अहो, वर बघा की जरा."

"परवा बघीन," तो म्हणाला. "उद्याची भरती अजून यायचीय."

तात्पर्य एवढंच: आज पाणी परत गेलं, म्हणून उद्याचा बांध फोडू नये.